न घेतलेलं नाव

पात्रा, १९ जानेवारी

प्रिय आत्या,

लिंबं पोचली, चीज पोचलं आणि चिठ्ठीतली शिवीही पोचली. महिनाभर माझं पत्र नाही म्हणून तू चिडलीस ते बरोबरच आहे. फोन केला असता, पण फोनवर तू ओरडतेस आणि शेजारची फ्रोसो कुंपणाला कान लावून बसते असं तूच म्हणतेस. म्हणून हे पत्र.

सोबत बत्तीस पानांची एक पुस्तिका आहे. आमच्या रविवारच्या टोळीबद्दल तुला सांगितलं होतं ना? आठ जण, सगळे जुन्या पुराणकथांचे वेडे. एक दंतवैद्य, एक बस चालवणारा, दोन मास्तरणी आणि बाकीचे माझ्यासारखे रिकामटेकडे. कॉफीवर तीन-तीन तास भांडतो. जुन्या कथेत कुणावर अन्याय झाला, कुणाला दोन ओळींत गुंडाळून टाकलं ते शोधायचं आणि त्यांची गोष्ट नव्याने लिहायची. इंटरनेटवर टाकली की लोक वाचतात, शिव्या घालतात, कधी रडतातही. बाबा म्हणतात, "हजारो वर्षांपूर्वी मेलेल्यांची वकिली करून पोट भरतं का?" नाही भरत. पोटासाठी औषधांचं दुकान आहेच.

या वेळी पाळी माझी होती. मी कुणाची गोष्ट घेतली ते पहिल्याच ओळीत कळेल. आत्या, पुस्तिका चुलीत घालायच्या आधी निदान दहा पानं वाच. एवढंच मागते.

तुझी,
एर्सी

———

किओनी, इथाका, ३० जानेवारी

एर्सी,

दहा पानं कसली, पहिली ओळ वाचली आणि चष्मा काढून ठेवला. अगं, जगातल्या बायका संपल्या होत्या का? कुणी गाय झाली, कुणी झाड झाली, कुणी कोळ्याचा किडा होऊन जाळं विणत बसली. त्या सगळ्या सोडून तुला नेमकी तीच सापडली?

मी सहावी शिकलेली बाई, पण हे इथाका आहे. इथल्या कोंबड्यांनाही ही गोष्ट पाठ आहे. आमचा राजा दहा वर्षं लढाईत होता, ती संपली तेव्हा घरी यायला निघाला. जहाज फुटलं, माणसं बुडाली आणि हा एकटा वाहत वाहत त्या बयेच्या बेटाला लागला. तिने त्याला सात वर्षं सोडला नाही. सात! इकडे बायको मागावर बसून म्हातारी व्हायला आली, पोराला बापाशिवाय मिशा फुटल्या. शेवटी देवांनी डोळे वटारले तेव्हा कुठे बाईसाहेबांनी जाऊ दिलं. आणि आमच्याच घरातली पोर तिची बाजू घेऊन पुस्तकं काढते! चौकातल्या राजाच्या पुतळ्यापुढून आता मी कोणत्या तोंडाने जाऊ?

या घरात ते नाव का चालत नाही, हे तुला ठाऊक नाही होय? माझ्याच तोंडून ऐकायचं असेल तर ऐक. पहिली मुलगी झाली की तिला बापाच्या आईचं नाव. तुझ्या बापाने तुला आमच्या आईचं दिलं. कुणी कुणाला विचारलं नाही, कारण त्यात विचारायचं काय असतं? माझा एकुलता एक माकिस मेलबर्नला गेला, तिथे वायरी जोडतो, तिथेच त्याने देस्पिनाशी लग्न केलं, तिथेच त्याला मुलगी झाली. मी वाथीच्या सोनाराकडून चांदीच्या क्रुसावर 'स्तामातिया' कोरून तयार ठेवलं होतं. आणि याचा फोन आला: "आई, मुलीचं नाव असं असं ठेवतोय." त्या बयेचं! इथाकाच्या पोराने! आता मी काही घरी येत नाही, हे आईला यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार माणूस?

मी म्हटलं, "माझं नाव नसेल तर मला नातही नाही," आणि फोन ठेवला. बाप्तिस्मा झाल्यावर त्यांनी साखरबदामाची पुडी पाठवली, ती मी कोंबड्यांना घातली. दहा वर्षं झाली. माकिस सणासुदीला फोन करतो. तो मला तिकडचं हवामान सांगतो, मी त्याला इकडचं सांगते.

तुझ्या दुकानात घशाच्या गोळ्या असतील तर पाठव. तुझ्या नावाने ओरडून घसा बसलाय.

आत्या

———

पात्रा, ११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

गोळ्या पाठवल्यात. दिवसाला चारच घे, तू मूठभर खाशील.

पहिल्या ओळीला चष्मा काढलास म्हणतेस, मग अठराव्या पानावर तेलाचा डाग कसा पडला ग? फ्रोसोने बाबांना फोनवर सांगितलं. म्हणाली, "तुमची बहीण चुलीपाशी उभी राहून वाचते आणि पुस्तकाशी भांडते."

मग मीही थोडं भांडते. राजाच्या जिवावर समुद्राचा देव उठला होता, हे तर तुलाही मान्य आहे ना? आणि तिच्या नावाचा अर्थ काय? झाकणारी. सगळे म्हणतात, तिने त्याला जगापासून झाकून ठेवलं. मी म्हणते, समुद्रापासून झाकलं. बरगड्या मोडलेला, तापाने फणफणलेला माणूस वाळूवर पडलाय आणि देव त्याला शोधतोय. तिने पांघरूण घातलं नसतं तर इथाकात कोण परत आलं असतं? नुसती बातमी आली असती.

आणि तो निघाला तेव्हा तिने काय केलं ते आठव. रडली, भांडली, आणि मग स्वतःच्या हाताने त्याला कुऱ्हाड दिली. चांगली सुकी झाडं कुठे आहेत ते दाखवलं, शिडाला कापड दिलं, शिदोरी बांधली. ज्याला कोंडून ठेवायचं असतं त्याच्या हातात कुणी कुऱ्हाड देतं का आत्या?

आमचा दंतवैद्य मात्र म्हणतो की शिदोरीचं पान खोटं वाटतं. तुला काय वाटतं ते लिही. चुका काढायला तुझ्यासारखं माणूस मला कुठे मिळणार?

एर्सी

———

किओनी, २ मार्च

एर्सी,

दंतवैद्याला म्हणावं, तू एकटाच त्या टोळीत शहाणा आहेस.

अगं, माणूस अठरा दिवस तराफ्यावर जाणार आणि तू त्याला ताजा पाव देतेस? तिसऱ्या दिवशी बुरशी! पाव दोनदा भाजायचा, दगडासारखा. तो समुद्राच्या पाण्यात बुडवून खातात. सुकी अंजिरं, खारवलेले ऑलिव्ह. आणि कांदा कुठे आहे? माझा नवरा, देव त्याला शांती देवो, बावीस वर्षं बोटीवर होता. त्याची पिशवी मी भरायची. एकदा कांदे विसरले तर बंदराबंदरातून टोमणे मारणारी कार्डं आली. पाणी चामड्याच्या दोन पिशव्यांत दे, एक फुटली तर? तुझी ती बया देवी असेल, पण संसारी नाही.

कुऱ्हाडीचं मात्र मी दोन दिवस मनात घोळवलं. शेजारीपाजारी बोलले नाही. पण घोळवलं.

आता माझं एक ऐक. राजाची आई आठवते का तुम्हाला कुणाला? ती वाट बघून मेली. लढाई नाही, रोगराई नाही, नुसती पोराची वाट बघून. तो घरी येईपर्यंत ती गेलेली होती. आठ शहाणे दर रविवारी कॉफी ढोसता, तुमच्यातल्या एकालाही ती दिसली नाही? सगळ्यांना बायको दिसते, नाहीतर ही बया. सात वर्षं तो तिच्या घरात जेवला. तिने त्याला एकदा तरी विचारलं का, "काय रे, तुझी आई कशी आहे?" ते लिही आणि मग मला सांग ती चांगली आहे म्हणून.

मी काही मरायला टेकले नाही, बापाला उगाच फोन करू नकोस. पण संध्याकाळी वाथीची बस वळणावर दिसली की मी खिडकीशी जाते, हे खरं आहे. माकिस त्यात नसणार हे मला पक्कं माहीत असतं. तरी जाते. आईच्या पायांना अक्कल नसते.

उद्यापासून उपवास सुरू. अंडी पाठवत नाही, ईस्टरला घेऊन जा.

आत्या

———

पात्रा, १९ मार्च

प्रिय आत्या,

तू विचारलंस, तिने कधी त्याच्या आईची चौकशी केली का. केली. ही घे.

हे पत्र मला नोव्हेंबरात इंटरनेटवरून आलं. मुलीचं ग्रीक शनिवारच्या शाळेतलं आहे, चुका मी तशाच उतरवल्यात.

"एर्सी आत्या, मी कालिप्सो. बाबाची मुलगी. मी दहा वर्षाची आहे. मला माहीत आहे तू जुन्या गोष्टी बदलते. शाळेत आंद्रेआस म्हणाला की माझा नाव वाईट बाईचा आहे, ती लोकांना घरी जाऊ देत नाही. मी बाबाला विचारलं, तू माझ्यामुळे इथाकाला जात नाही का? तो म्हणाला नाही आणि गाडी धुवायला गेला. ती गाडी स्वच्छ होती. आजी फोनवर विचारते 'मूल बरं आहे का'. माझा नाव ती घेत नाही कधी. आजी आजारी आहे का? ती एकटी जेवते का? तू गोष्टीत कालिप्सोला चांगली करशील का? खोटी चांगली नको. खरी. मग ती गोष्ट आजीला पाठव."

आत्या, मी ती पुस्तिका टोळीसाठी नाही लिहिली. हे आधी सांगितलं असतं तर तू पाकीट फोडलं नसतंस, म्हणून लपवलं. रागव, पण माझ्यावर रागव.

एर्सी

———

पात्रा, १४ एप्रिल

आत्या,

चार आठवडे झाले. मधे दोन पत्रं टाकली, त्यांनाही उत्तर नाही. फ्रोसो म्हणते, तुझी तब्येत ठीक आहे, कोंबड्यावर रोज खेकसतेस. म्हणजे माझ्यावरच अबोला आहे.

मी एक आगाऊपणा केला. शनिवारी माकिसला फोन लावला आणि सरळ विचारलं: तू आईचं नाव का नाही ठेवलंस? मग त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहिते.

"मी आठ वर्षांचा होतो. आई आणि मोठी मावशी स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होत्या, मी टेबलाखाली होतो. आई म्हणाली, चार मुलींवर मी पाचवी झाले, तेव्हा माझ्या आजोबांनी पाळण्यात डोकावलंही नाही. नुसतं म्हणाले, हिचं नाव स्तामातिया ठेवा, म्हणजे मुली थांबतील. अजून कुणी हाक मारली की मला 'थांब, पुरे' एवढंच ऐकू येतं. असं म्हणून आई रडली. तिला रडताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. माझी मुलगी जन्मली तेव्हा नर्सने तिला माझ्या हातात दिलं आणि मला टेबलाखालचं सगळं आठवलं. या पोरीला मी 'पुरे' म्हणून हाक मारू? देस्पिनाला कालिप्सो नाव आवडत होतं, मी हो म्हटलं. पण आईला काय सांगणार होतो? तुझं नाव तुला दुखतं हे मी चोरून ऐकलंय, असं? तिला वाटलं मी तिचा अपमान केला. वाटू दे म्हटलं. लाजेपेक्षा राग बरा."

आत्या, तुझ्या नावात 'थांब' आहे हे मला रोज ऐकू येत होतं, आणि कधीच ऐकू आलं नाही. घरातल्या माणसाच्या नावाचा अर्थ कोण लावत बसतं? आणि तुझ्यानंतर जो मुलगा झाला, ज्याच्यासाठी तुला ते नाव चिकटवलं, तो माझा बाप.

बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. तू म्हणशील तसं.

एर्सी

———

किओनी, २९ एप्रिल

एर्सी, माझ्या पोरी,

ख्रिस्त उठला आहे. ईस्टरला तू आली नाहीस, बरंच केलंस. मी कुणाशी धड बोलत नव्हते. लाल अंडी रंगवली आणि अर्धी फ्रोसोच्या दारात ठेवून आले.

टेबलाखाली होता! मी त्या दिवशी त्याला गावभर शोधलं, ठाऊक आहे? सापडला तेव्हा कानशिलात दिली, कुठे उंडारत होतास म्हणून. आणि तो एक शब्द बोलला नाही. आठ वर्षांचं पोर ते. तिशी उलटेपर्यंत पोटात ठेवून बसला, मग दहा वर्षं माझे टोमणे खाल्ले, आणि तरी बोलला नाही. कुणावर गेलाय? माझ्यावरच गेलाय, मेला.

तुझ्या बापाला काही सांगायचं नाही. तो पाळण्यात होता, त्याचा काय दोष? त्याला मीच कडेवर घेऊन वाढवला. मला तो आवडायचा. तो झाला म्हणून आईला कुणी बोलायचं बंद झालं.

आता तुला एक सांगते, ते माकिसलाही माहीत नाही. मला ते नाव कधीच आवडलं नाही. मग नातीला का हवं होतं? रात्रंदिवस स्वतःला हेच विचारत होते, म्हणून तुला पत्र नव्हतं. मला वाटायचं, तान्ह्या पोरीचं नाव झालं की लोक ते लाडाने घेतील. माझा माकिस घरभर "स्तामातिया, माझं सोनं" म्हणत फिरेल. दात आला की स्तामातियाला दात आला, चालायला लागली की स्तामातिया चालली. ते नाव एकदा तरी कुणाच्या तोंडी गोड झालेलं मला ऐकायचं होतं. पोरीसाठी नव्हतं ग ते, माझ्यासाठी होतं. आणि तो नेमका माझ्यासाठीच नाही म्हणत होता. दोघंही एकमेकांना जपत बसलो आणि दहा वर्षं घालवली. असे शहाणे आमच्याच घरात निपजतात.

आणि त्या लेकराने काय केलं होतं? ती विचारते, आजी एकटी जेवते का. हो, एकटी जेवते. हे विचारायला जगात तीच एक निघाली, आणि मी तिला 'मूल' म्हणते.

तुझी पुस्तिका शेवटपर्यंत वाचली. तिसऱ्यांदा. ती किनाऱ्यावर उभी राहून तराफा दिसेनासा होईपर्यंत बघते, तिथे मी तुझ्या नावाने बोटं मोडली आणि रडले. त्या पानात काही चूक नाही.

चर्चमध्ये जाऊन पापा-स्पिरोंना विचारलं, कालिप्सो नावाची कुणी संत आहे का, पोरीच्या नावाचा सण कधी धरायचा? म्हणाले, "अशी संत नाही, स्तामातियाबाई. ज्यांना संत नाही त्यांचा सण सर्व संतांच्या रविवारी." म्हणजे पंधरा जूनला. मी म्हटलं, बरं झालं, सगळेच संत तिच्या वाट्याला आले. ते हसले. बघ, लिहिलं मी ते नाव.

मेलबर्नचा पत्ता पाठव. माझ्याकडचा मी रागाने फाडला होता.

आत्या

———

पात्रा, ८ मे

आत्या,

पत्ता मागच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत. माकिसला काही कळवलेलं नाही, ते तुझं तू बघ.

रविवारी टोळीत मी तुझं पत्र वाचून दाखवणार नव्हते, दाखवलंही नाही. फक्त म्हटलं की पुढची गोष्ट राजाच्या आईची घेऊ या. दंतवैद्य म्हणाला, "ती तर मेली ना?" मी म्हटलं, ते बघू.

एर्सी

———

किओनी, इथाका, २ जून

कालिप्सो,

मी तुझी आजी, बाबाची आई. हे पत्र तुला पोचेल तेव्हा तुझ्या नावाचा सण आलेला असेल. तुला खूप खूप वर्षं मिळोत. अक्षर वाचता आलं नाही तर बाबाकडून वाचून घे, पण आधी स्वतः प्रयत्न कर.

तू विचारलं होतंस ते सगळं मला कळलं. मी आजारी नाही. गुडघा दुखतो, पण तो फ्रोसोचाही दुखतो. तुझा बाबा इथे येत नाही ते तुझ्यामुळे नाही. मी त्याला वाईट बोलले होते, म्हणून येत नाही. चूक माझी आहे. हे त्याला वाचून दाखव, आणि तो गाडी धुवायला निघाला तर जाऊ देऊ नकोस. तू कालिप्सो आहेस ना, एवढं तुला जमेल.

शाळेतल्या त्या आंद्रेआसला सांग: इथाकात राहणारी माझी आजी म्हणते, ती वाईट नव्हती. समुद्र ज्याच्या मागे लागला होता त्याला तिने झाकलं, बरा केला आणि घरी पाठवला. इथाकाची बाई सांगते म्हटल्यावर त्याला काही बोलता यायचं नाही.

तुझ्या बाबाने तुला माझं नाव दिलं नाही, ते फार चांगलं केलं. का, ते तू मोठी झालीस की सांगेन. माझ्या नावाने कुणीतरी थांबावं असं लोकांना वाटत होतं. तुझ्या येण्याने कुणालाही काहीही थांबवायचं नव्हतं. तू नुसती हवी होतीस. मलाही हवी होतीस, पण मी हट्टी म्हातारी आहे, मला ते कळायला दहा वर्षं लागली.

सणाच्या दिवशी, तुमच्याकडे संध्याकाळ झाली की मी फोन करेन. फोन तू उचल. हवामान विचारणार नाही. आधी तुझं नाव घेईन, मोठ्याने घेईन, फ्रोसो ऐकेल तर ऐकू दे.

आणि मग तू बोल. मला लोक आत्या म्हणतात, वहिनी म्हणतात, तुझा बाबा आई म्हणतो. आजी म्हणून मला अजून कुणी हाक मारलेली नाही. तू मार.

आजी